नऊ नंबरचं नाव

३ सप्टेंबर, रविवार

डोकं भणभणतंय. आज राष्ट्रगीत सुरू झालं, सगळ्या पोरी रांगेत ताठ, आणि आपल्या महिला संघाची कॅप्टन, नऊ नंबर, बाकावर बसलेली. मान खाली, हात मांडीवर. आरडाओरडा नाही, फलक नाही, काही नाही. मॅचनंतर पत्रकारांना म्हणाली, तिच्या वस्तीतल्या एका ट्रक ड्रायव्हरला पोलिसांनी उचललं, तो कोठडीत मेला, आणि चौकशी करायला कोणी तयार नाही. म्हणाली, चौकशी सुरू होईपर्यंत मी बसणार.

चौकशी व्हायलाच हवी. पण म्हणून राष्ट्रगीताला बसायचं? इतकी वर्षं रेडिओवर फुटबॉलची कॉमेंट्री करतोय, मी कधी बसलो नाही. म्हणजे हेडफोनची वायर आखूड असल्यामुळे पूर्ण उभं राहता येत नाही. पण मनातून ताठ असतो.

ठराव: आजपासून माइकवर हिचं नाव घ्यायचं नाही. शांततामय निषेध. देशाच्या लक्षात येईलच.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, बरं. आणि येताना दूध आणायचं राहिलं ते आता आणा.

५ सप्टेंबर

कॉमेंट्रीतल्या माझ्या जोडीदाराला ठराव सांगितला. तो पूर्वी गोलकीपर होता, अजूनही सगळे त्याला गोलकीपरच म्हणतात. तो म्हणाला, अहो, ती सेंटर फॉरवर्ड आहे, बॉल कायम तिच्याकडेच असतो, मग बोलणार काय? मी म्हणालो, तत्त्व म्हणजे तत्त्व. त्यावर त्याने चहा मागवला. पटलेलं दिसलं.

पेपरात फुटबॉल बोर्डाचं पत्रक आलंय. संघाचा शर्ट अंगावर असताना वेळ बोर्डाची असते, निषेध करायचा तर तो स्वतःच्या वेळेत करावा. वा. इतकं खणखणीत वाक्य बऱ्याच दिवसांनी वाचलं. जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं.

मुलगी म्हणाली, बाबा, ती न बोलता निषेध करतेय आणि तुम्हीही न बोलताच करताय. मी म्हणालो, फरक आहे. ती म्हणाली, काय फरक? म्हटलं, जेवून सांगतो. जेवल्यावर डोळा लागला.

१० सप्टेंबर, रविवार

मॅच जिंकलो. तीन गोल. तिन्ही तिचे. मुद्दाम केले असावेत.

पहिल्या गोलला म्हणालो, “गोल झालेला आहे.” गोलकीपरने माइकवरच विचारलं, कोणी केला? म्हणालो, “आपल्या संघाने.” दुसऱ्याला, “संघाच्या त्याच सदस्याने.” तिसरा गोल म्हणजे काय होता. तिघींना चकवून, डाव्या पायाने, वरच्या कोपऱ्यात. घशापर्यंत नाव आलं होतं. गिळलं. ठसका लागला. गोलकीपरने पाणी दिलं आणि उरलेलं वर्णन त्यानेच केलं, फार सुमार.

सासऱ्यांचा फोन. त्यांना दिसत नाही, त्यामुळे मॅच सगळी माझ्या तोंडून. म्हणाले, जावईबापू, तिकडच्या त्या गोलकीपर मुलीचं कसं होणार? मला कळेना. कोणाचंच नाव ऐकू आलं नाही, म्हणून त्यांना वाटलं, तिनेच स्वतःच्या जाळीत तीनदा बॉल घातला. पोर घरी गेली का नीट, विचारत होते.

११ सप्टेंबर

रेडिओ स्टेशनवर सकाळपासून फोन. ऑपरेटर वैतागली आहे. म्हणाली, सगळे एकच विचारतात, गोल कोणी केले. म्हणजे चर्चेला तोंड फुटलं.

१३ सप्टेंबर

एका देशाभिमानी संघटनेचे अध्यक्ष भेटायला आले. सत्कार करायचा म्हणाले. मी आधी नाही म्हणालो, ते उठायला लागले तेव्हा हो म्हणालो. चहा झाल्यावर म्हणाले, भाषणात एवढंच मागा की तिला संघातून हाकला.

मी म्हणालो, हाकला? मग पुढे खेळणार कोण? तेरा नंबरला डावा पाय नाही. म्हणजे आहे, पण बॉलसाठी नाही. उपान्त्य फेरी तोंडावर आलीय. बोलता बोलता कपबशा मांडून तिची धाव त्यांना दाखवली.

सत्कार रद्द. यांना निषेधातलं काही कळत नाही. चौकशीबद्दल विचारलं तर म्हणाले, कसली चौकशी?

१६ सप्टेंबर

स्टेशनच्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, उद्या नाव घ्यायचं. मी म्हणालो, बोलण्याच्या स्वातंत्र्यात न बोलण्याचं स्वातंत्र्यही येतं. हे मी काल आंघोळ करताना जुळवून ठेवलं होतं. साहेब म्हणाले, माइकसमोर असताना वेळ स्टेशनची असते, निषेध स्वतःच्या वेळेत करा.

इतकं निर्लज्ज वाक्य बऱ्याच दिवसांनी ऐकलं. ही सरळ मुस्कटदाबी आहे. घरी येऊन सांगितलं तेव्हा बायको आणि मुलगी एकमेकींकडे पाहत होत्या. घरातच आधार नसेल तर माणसाने जायचं कुठे?

१७ सप्टेंबर, रविवार

नाव घेतलं नाही. दोन गोल. मध्यंतरात साहेब स्वतः जिना चढून वर आले आणि माझ्या कानांवरचा हेडफोन काढला. पुढची सूचना येईपर्यंत घरी बसा.

उत्तरार्ध बसस्टॉपवर कोणाच्या तरी मोबाइलवर ऐकला. गोलकीपर कॉर्नरला थ्रो-इन म्हणाला.

१९ सप्टेंबर

माझ्या बाजूने देश उभा राहील असं वाटलं होतं. अजून सासरेच उभे आहेत. मेहुण्याचाही फोन आला, पण त्याला शिडी हवी होती.

पत्रकारांना निवेदन पाठवलं. पाच पानी. कोणी छापलं नाही. एकाने फोन करून विचारलं, तुम्ही नक्की तिच्या बाजूने की विरुद्ध? मी सविस्तर सांगायला घेतलं. फोन कटला. रेंज गेली असणार.

२१ सप्टेंबर

पेपरात पहिल्या पानावर माझा विषय. पण तिच्या तोंडून.

कोणीतरी विचारलं, रेडिओवाले तुमचं नाव घेत नाहीत, त्यांना काढलं, बरं झालं ना? ती म्हणाली, त्यांचं मत मला मुळीच पटत नाही. पण त्यांना माझं नाव घ्यायचं नसेल तर जबरदस्ती कशाला? मला बसू द्या म्हणते, तर त्यांना गप्प बसू नका असं कसं म्हणू? त्यांना परत घ्या. कॉमेंट्री फार वाईट चालली आहे.

दुपारीच साहेबांचा फोन, रविवारी या.

कोणी सांगितलं होतं हिला? मी माझी लढाई लढत होतो. आता जो तो म्हणतो, तिने सोडवलं. आभार मानावेत तर पत्राच्या वर नाव घालावं लागेल.

मुलीने ती बातमी फ्रिजवर चिकटवली आहे. दूध काढायला गेलो की वाचावी लागते.

२३ सप्टेंबर, सकाळ

बोर्डाने तिला संघातून काढलं. कारण दिलेलं नाही. ट्रक ड्रायव्हरच्या चौकशीचं अजून नाव नाही.

दुपार

साहेबांनी बोलावलं. बोर्डाने प्रक्षेपणाचे हक्क देताना नवी अट घातलीय, काढलेल्या खेळाडूचा उल्लेख माइकवर करायचा नाही. साहेब हसून म्हणाले, तुम्हाला काय, सवयच आहे.

कॅन्टीनमध्ये दोघांनी माझ्याशी हात मिळवले. जिंकलात म्हणाले.

हे बरोबर नाही. मी नाव घेत नव्हतो ते माझ्या मनाने. आता घेणार नाही ते यांच्या हुकुमाने. ऐकणाऱ्याला फरक कळणार कसा? माझा अख्खा निषेध यांनी उचलला आणि खिशात घातला.

ठराव: उद्या नाव घ्यायचं. पूर्ण, आडनावासकट, स्वच्छ उच्चारात. काढलं तर काढलं. बायकोला सांगितलं. या वेळी तिने टीव्ही बंद करून ऐकलं. म्हणाली, अहो, नक्की ना? म्हणालो, काळ्या दगडावरची रेघ.

२४ सप्टेंबर, रविवार

उपान्त्य सामना. हरलो, शून्य-एक. नऊ नंबरचा शर्ट तेरा नंबरला दिला होता. तो तिला मोठा होत होता.

नाव पहिल्या दहा मिनिटांत घेणार होतो, पण घसा बसल्यासारखा वाटला. मध्यंतराआधी घेणार होतो, तेव्हा जाहिरात आली. उत्तरार्धात साहेब येऊन काचेपलीकडे उभे राहिले. त्यांना घाबरून नव्हे, पण लक्ष विचलित होतं.

शेवटची पाच मिनिटं. गोलसमोर बॉल मोकळा पडला आणि तिथे आपलं कोणीच नव्हतं. हीच वेळ. मी श्वास घेतला, माइक जवळ ओढला. तेवढ्यात गोलकीपर सहज, चहा मागावा तसा म्हणाला, इथे ती असायला हवी होती. आणि नाव घेतलं. आडनावासकट.

साहेब दार ढकलून आत आले आणि विचारलं, कोण बोललं?

मी म्हणालो, मी नाही.

खरंच मी नव्हतो, त्यामुळे त्यात खोटं काही नाही. गोलकीपरने हेडफोन टेबलावर ठेवला, कोट घेतला, माझ्या खांद्यावर थोपटलं आणि जिना उतरून गेला. उरलेल्या मॅचचं वर्णन मी एकट्याने केलं. सगळे थ्रो-इन बरोबर सांगितले.

घरी दोघी आपापल्या खोलीत होत्या. जेवण झाकून ठेवलेलं.

तेवढ्यात सासऱ्यांचा फोन. लाइनमध्ये खरखर होती, त्यांना आवाज नीट ओळखता आला नसावा. म्हणाले, ऐकलं मी. शाबास जावईबापू, घेतलंत शेवटी पोरीचं नाव. ऊर भरून आला बघा.

खरखर फार होती, म्हणून मी काही बोललो नाही.