पाण्याचा दिवस

प्रिय बद्री,

ऑफिसात तुला सर म्हणतो, आज म्हणणार नाही. हे पत्र पिशोरच्या शाळेत माझ्या बाकावर बसणाऱ्या बद्रीनाथला आहे. सकाळी बुद्धवंदनेला बसलो, तर त्रिशरण म्हणतानाही जबडा आवळलेलाच होता. राग आला की मी श्वासाकडे बघतो. आज श्वासानंही ऐकलं नाही.

घरून काम करणाऱ्यांना तू परत बोलावलंस, ते मला पटलं होतं. विम्याचे दावे तपासायचे तर माणसं शेजारी असलेली बरी. पण रोज ऑफिसात येणाऱ्यांची एक वहिवाट होती, ती तुला काचेच्या खोलीतून कधी दिसलीच नाही. या शहरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, तेही कधी सकाळी, कधी भरदुपारी. ज्याच्या गल्लीत पाणी, त्याचं नाव माझ्या टेबलामागच्या फळ्यावर. तो घरी पळायचा, शेजारचा त्याच्या फायली बघायचा. संध्याकाळी तो मागं थांबून काम पुरं करायचा. कुणी कुणावर उपकार करत नव्हतं.

परतलेल्यांनीही फळ्यावर नावं लिहिली आणि भांडण पेटलं. अतुल सगळ्यांसमोर सुरेखाला म्हणाला, "इतकी वर्षं घरी बसून हौद भरले, आता आमच्या पाळीत घुसता व्हय?" तीही गप्प बसणारी नाही. "काम तुमच्याइतकंच केलं भाऊ, फक्त तुम्हाला दाखवत बसले नाय." त्या दिवसापासून डबेसुद्धा वेगळे उघडायला लागले. मग विभागाचा प्रमुख म्हणून मी जोड्या लावल्या, एक जुना, एक परतलेला. या दोघांना मुद्दाम शेजारी बसवलं. अतुलच्या गल्लीत पाणी आलं तेव्हा सुरेखानं त्याच्या फायली उपसल्या. दुसऱ्या दिवशी त्यानं डब्यातली शेंगदाण्याची चटणी तिच्याकडं सरकवली. बद्री, भांडण मिटत होतं रे!

तेवढ्यात कुणीतरी तुझे कान भरले. तू फळा पुसायला लावलास, दारावर चेहरा ओळखणारं यंत्र बसवलंस, आणि वर केक कापून सांगितलंस की आपण सगळे एक कुटुंब आहोत. माझा तुकडा मी तसाच ताटलीत ठेवला.

गेल्या सोमवारी सुरेखाच्या गल्लीत पाणी आलं. नवरा पुण्याला नोकरीला, गारखेड्याच्या घरात सासू भामाबाई एकटी. सुरेखा घरी जाऊ का विचारायला तुझ्या दारात उभी राहिली, तू मान वर न करता नुसता नकाराचा हात हलवलास. म्हातारीनं मोटार लावली, पाईप घेऊन गच्चीचा जिना चढली आणि ओल्या पायरीवरून घसरली. खुबा मोडला. शेजारणीचा फोन आला तशी सुरेखा धावली, कुणाला विचारायला थांबली नाही. तिच्या राहिलेल्या फायली अतुलनं संपवल्या, हे तुला ठाऊक तरी आहे का?

आणि काल तू माझ्या टेबलावर तिच्या नावाचा मेमो ठेवलास. विनापरवानगी कामावरून निघून गेली, सबब कामावरून कमी का करू नये. खाली माझी सही हवी म्हणे.

शाळेतला माठ आठवतो? आमच्या वस्तीतल्या पोरांना वरून ओंजळीत पाणी मिळायचं. एका दुपारी तू तुझा पितळी पेला माझ्या हातात दिलास, आणि मी प्यायल्यावर तोच पेला न विसळता भरून स्वतः प्यायलास. घरी मार खाल्लास, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा दिलास. आजवर मी ते कधी बोललो नाही, कारण तोही उपकार नव्हता. पण त्याच पोरानं पाण्यापायी एका बाईची नोकरी घ्यावी, हे मला सोसत नाही.

मेमोवर मी सही करणार नाही. सुरेखा सासूपाशी दवाखान्यात आहे. उद्या सोमवार. तिच्या गल्लीत पाणी आलं की मी तुझ्या यंत्रासमोरून तिच्या घरी पाणी भरायला जाणार, माझ्या फायली अतुल बघेल. दुसरा मेमो माझ्या नावानं काढ. नाहीतर चल माझ्याबरोबर. एकानं खाली मोटारीपाशी थांबावं लागतं, दुसऱ्यानं वर टाकीत पाईप धरावा लागतो. ते एकट्याचं काम नाही.

रागावलेला, तरी तुझाच,
धम्मपाल