वाळवंटीच्या दोन काठांवरची जोड्यांची दुकानं

हरमल, श्रावणातला मंगळवार

चि. विठूस, थोरल्या बहिणीचा, देवकीचा आशीर्वाद. इथे सगळी धडधाकट आहेत. माझा गुडघा कुरकुरतो, पण तोंड चालतं, तेव्हा काळजी नको. तुझं पित्त कसं आहे ते कळव. शुभांगीची मी चौकशी केली म्हणून तिला सांग (तुझी बायको माझी करणार नाही, तरी सांग). मी तिसरीत शाळा सोडली, म्हणून अक्षराला हसू नकोस. तू सातवीत दोनदा बसून काय दिवे लावलेस ते मला ठाऊक आहे.

सांगायचं ते असं. पावसात आमच्या भाड्याच्या खोल्या रिकाम्या असतात, पण यंदा एक म्हातारा जर्मन उरलाय. आला त्या दिवशी मी दारापुढच्या बाल्कांवावर भाजी चिरत बसले होते. हा माणूस तोंडाकडे न बघता आधी माझ्या पायांकडे बघायला लागला. मी म्हटलं, सत्तरी ओलांडलेल्या बाईचे पाय बघतो, याची नजर धड नाही. विळी तशीच पुढ्यात ठेवून तनयाला हाक मारली (माझी नात, इंग्रजी फाडफाड, कामाला हात म्हणून लावत नाही) आणि विचार म्हटलं याला. तर तो लाजला. म्हणाला, माफ करा, आमच्या गावची खोड आहे. आमच्याकडे माणूस भेटला की आधी त्याच्या पायात कुणाचे जोडे आहेत ते बघत, आणि मग त्याच्याशी बोलायचं का ते ठरवत.

मग मी त्याला सोडला नाही. चार दिवस चहाबरोबर उंडे पाव खायला घालून सगळं काढून घेतलं. त्याच्या गावात दोन भाऊ होते. आईच्या धुण्याच्या खोलीत खेळाचे जोडे करायला लागले, धंदा वाढला, आणि मोठ्या लढाईनंतर फाटलं. कशावरून, ते अजून कुणाला नक्की ठाऊक नाही. कामगारांनीसुद्धा वाटून घेतलं, हे याच्याकडे, ते त्याच्याकडे. नदीच्या एका अंगाला धाकट्याचा आदिदास, दुसऱ्या अंगाला थोरल्याचा पुमा. पाव भाजणारा पदेर वेगळा, खाटीक वेगळा. मेले तेही एकाच कबरस्तानात दोन टोकांना. मी विचारलं, यांना बहीण नव्हती काय? होती म्हणे. मग ती काय करत होती म्हटलं, तर त्याने आणखी एक उंडा मागितला. (आमचा नातू गौरेश पायात तीन पट्टे आणि अंगात उडी मारणारं वाघरू घालून हिंडतो. त्या दोघांना जन्मात जमलं नाही ते या पोराच्या अंगावर एकत्र नांदतं.)

मला गोडीच लागली. कुठल्या जोड्याचा धनी कोण, हे मी आता तनयाला मोबाईलवर बघायला लावते. आपला बाप बाटा बंगाल्याची म्हणायचा, ती निघाली तिकडे चेक लोकांची. रिबॉक म्हणून एक विलायती कंपनी, ती त्या धाकट्याच्या कंपनीने विकत घेतली, पंधरा वर्षं बाळगली आणि अमेरिकेत विकून टाकली, भाकड म्हशीसारखी. शेवटी मी विचारलं, मग त्या दोघांच्या नातवंडांनी तरी बरं चालवलंय ना? तर जर्मन म्हणाला, दोन्ही कंपन्या घराबाहेर जाऊन जमाना झाला. आता त्या शेअरवाल्यांच्या. भाऊ ज्याच्यासाठी एकमेकांचं तोंड बघेनात, ते आज परक्यांचं आहे.

हे ऐकल्यावर मला तुम्ही दोघे भाऊ आठवलात. साखळीला शिवदासाची पाटी, ‘कृष्णनाथ पादत्राणे’. वाळवंटी नदीपलीकडे कारापुरात तुझी, ‘मूळ कृष्णनाथ पादत्राणे’. परवा बघते तर त्याने खाली रंगवून घेतलंय, ‘मूळ व एकमेव’. कृष्णनाथ मात्र एकच होता, आणि तो आपला बाप, आणि तो जन्मभर अनवाणी हिंडला. शुभांगीही हल्ली त्या जर्मनासारखी माझ्या तोंडाआधी पायांकडे बघते.

बाकी सर्व ठीक. पित्ताला कोकम घे.

तुझी बाय,
देवकी

ता.क. तू यंदा कारापुरात वेगळा गणपती बसवणार आणि चित्रशाळेत सगुणकडे मूर्तीसाठी पाट पोचवलास, हे मला बाहेरून कळलं. दुकानं दोन करा, पाट्या चार करा. गणपती दोन झाले की मी मूर्तीवर टांगायच्या माटोळीला नारळाची पेंड (आख्खा घड) कुठल्या घरी आणायची? म्हणून मी काल बस धरून गेले आणि सगुण जेवायला गेला असताना तुझा पाट उचलून आणला.

ता.क. दुसरा. घरी येऊन उलटा केला तर मागे शिवदासाचं नाव. दोन्ही पाट बापाने एकाच फणसाचे करून घेतलेले, मला काय कळणार. तो सध्या बाल्कांवावर आहे, जर्मन त्यावर बसून चहा पितो. सगुणकडे आता एकटा तुझा पाट आहे आणि मूर्ती त्यावर चढली आहे. दुसरी करायला त्याला वेळ नाही, मी विचारून घेतलंय. ती बापाच्या घरीच बसेल. घर शिवदासाकडे, पाट तुझा, म्हणजे उचलायला दोघे लागतील. त्यालाही असंच पत्र टाकलंय.

ता.क. तिसरा. या धावपळीत माझ्या वहाणा तुटल्या. माप सहा. डावी तू आण, उजवी त्याला सांगितली आहे. एकटा आलास तर मी लंगडत आरतीला उभी राहीन आणि विचारणाऱ्याला कारण सांगेन.