शब्दशः लिहावे

६ एप्रिल

लेखनिक मिळत नाही! पेपर चार दिवसांवर आणि परीक्षा विभागाच्या साहेबांनी आज तिसरं नाव नाकारलं. मी त्यांना शिक्कासाहेब म्हणते. शिक्का मारल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नसतील. नियम असा की लेखनिक परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला हवा. कॉलेजात कमी शिकलेलं माणूस आणू कुठून? "नियम मी केलेला नाही," म्हणे. मग केला कोणी, मी?

कॉलेजातला दिव्यांग विद्यार्थ्यांचा कक्ष माझ्याकडे; ही पोरगी तिथली, शेवटच्या वर्षाला. डोळ्यांनी अजिबात दिसत नाही, जिभेला मात्र धार. इतिहासाचा एवढा एक पेपर सुटला की शिक्षिकेच्या अभ्यासक्रमाची जागा तिची. नाहीतर जागा दुसऱ्याला. मी शिक्कासाहेबांवर चिडचिड करत होते तर म्हणते, "मॅडम, तुम्ही ओरडताय तेवढ्यात मी ब्रेलमध्ये एक ग्रंथ लिहीन." कार्टी!

७ एप्रिल

तोडगा घरातच निघाला — वन्सं! दहावी पास, अक्षर मोत्यासारखं, आणि त्याचा तोरा आयुष्यभर. हे म्हणाले, "ताईला परीक्षेच्या हॉलमध्ये? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?" नाहीये. गेले दोन महिने नाहीये.

लेखनिकांसाठी मी केलेलं सूचनापत्रक वन्संना दिलं. तीनदा वाचलं त्यांनी. एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, "'परीक्षार्थी बोलेल ते शब्दशः लिहावे.' म्हणजे सगळंच ना गं?" सगळंच, म्हटलं. शिक्कासाहेबांनी नाव मंजूर केलं. हुश्श.

९ एप्रिल

जादा वेळेचं पत्र टाईप केलं. तासाला वीस मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. पत्र दोन ओळींचं, पण सोबत तोच मजकूर तीन वेगवेगळ्या नमुन्यांत भरायचा! तेवढ्यात फोन — लिफ्ट बंद, व्हीलचेअरवरच्या मुलीचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर. धावले. पोचेपर्यंत चौघांनी तिला खुर्चीसकट उचललं होतं. खाली मान घालून बसली होती बिचारी. वर्ग खाली आणा म्हणून जूनपासून सांगतेय. कोण ऐकतंय! संध्याकाळ त्या भांडणातच गेली.

१० एप्रिल

पेपर झाला. वन्सं खूश. "एक शब्द सोडला नाही हो!" पोरगी म्हणाली, शेवटचा प्रश्न राहिला. तीन तासांनी पर्यवेक्षकांनी पेपर काढून घेतला.

"अगं, मग बोलायचं नाही का?"

"बोलले की."

तशीच शिक्कासाहेबांकडे गेले. फायलीतून मान वर न काढता म्हणतात, "आमच्याकडे जादा वेळेचं पत्र आलेलं नाही." खोटारडे! दोन वर्षांत माझे सहा अर्ज गिळलेत यांच्या टेबलाने. हा सातवा.

१२ एप्रिल

पुन्हा गेले. "चूक कॉलेजची असेल तर फेरपरीक्षा देऊ. पण दाखवा चूक." वर हसले! तळपायाची आग मस्तकात गेली.

२ मे

निकाल. तीन गुणांनी गेली. प्रवेशाची मुदत वीस मेपर्यंत.

९ मे

उत्तरपत्रिकेची प्रत मिळाली एकदाची. उघडली.

"तहाची कारणं पुढीलप्रमाणे स्वल्पविराम नाही नाही पूर्णविराम थांबा हं मावशी आठवू द्या हां पहिलं कारण अहो आधीचं खोडा ना खोडलंत का"

सबंध वही अशी! मोत्यासारख्या अक्षरात! तपासणाऱ्याने समासात लिहिलंय, "ही थट्टा आहे का?"

घरी येऊन वन्संवर तुटून पडले. नको नको ते बोलले. खोडा म्हटल्यावर खोडायचं असतं, एवढं कळू नये? त्या उठल्या. पर्समधून सूचनापत्रक काढलं, घडी उलगडून माझ्यापुढे ठेवलं. "यात खोडायचं कुठे लिहिलंय, दाखव."

कुठेच नाही. मीच लिहिलेलं पत्रक, मोठ्या ऐटीत. तेव्हापासून वन्सं बोलत नाहीत. हेही जेवताना ताटातच बघत होते. बरोबर आहे त्यांचं.

१० मे

पोरीला बोलावून वही वाचून दाखवली. आधी खो खो हसली — "मी एवढं 'हं हं' करते?" मग हसता हसता रडायलाच लागली. "मी आईला सांगून बसलेय, जागा मिळाली म्हणून." पाण्याचा ग्लास पुढे केला, तो तिला दिसत नाही हेही विसरले. मग हातात दिला.

ती गेल्यावर शेवटचं पान वाचलं. ते राहिलंच होतं.

"घंटा झाली पण मला एक तास जादा आहे सर आहे हो पत्र दिलंय मावशी तुम्ही लिहीत राहा सर वही ओढू नका मॅडमनी पत्र दिलंय मॅडम विसरणार नाहीत"

पुढे वाकडी रेघ, कागदाच्या कडेपर्यंत. वही ओढल्याची.

पुरावा! खणखणीत पुरावा, तोही परीक्षेच्या वहीत! वन्संचे पाय धरायला हवेत. आता सोडत नाही शिक्कासाहेबांना. माझ्याकडची पत्राची प्रत जोडते आणि उद्या सकाळीच त्यांच्या टेबलावर आपटते.

११ मे

प्रत शोधायला टेबलावरचा ट्रे उपसला. प्रत नव्हती. मूळ पत्रच होतं, तिन्ही नमुन्यांसकट. सही राहिलेली. माझी.

चूक माझी, असं शिक्कासाहेबांना लेखी दिलं. फेरपरीक्षा सोळाला.

तारीख पोरीला कळवली. विसरलं कोण, ते अजून सांगितलेलं नाही.