दर डोक्याला बावीस मिनिटं

४ फेब्रुवारी

आज पुन्हा बोलणी खाल्ली. केस कापता कापता गिऱ्हाइकाला नुसतं विचारलं, घरी सगळे बरे ना? तर तो थेट मालकिणीकडे तक्रार करून मोकळा! "हा माणूस फार बोलतो." या सलूनमध्ये दर डोक्याला बावीस मिनिटं. आरशावरचं घड्याळ उलटं पळतं. तिकडे आमच्या शहरात, दादाच्या दुकानात, एका दाढीला तास लागायचा आणि कुणाचं काही अडायचं नाही.

९ फेब्रुवारी

गुदमरायला होतं. बस.

१५ फेब्रुवारी

परत जायच्या विषयावरून बायकोशी वाजलं. ती इथे प्रयोगशाळेत रक्त तपासते, आणि तिला हे शहर चांगलंच मानवलंय. "तिकडे मी अख्ख्या गल्लीची वहिनी होते. भाजी आणायला निघाले तरी चार जण विचारणार, कुठे चाललात? इथे मी कुणाचीच कुणी नाही. बरं वाटतं." तिचंही खोटं नाही. पण मी काय करू? शेवटी म्हणाली, "जाऊन विचारा दादांना. ठेवून घेतो म्हणाले तर मी आडवी येणार नाही."

२१ फेब्रुवारी — दादाकडे

पोचल्या पोचल्या कात्री हातात घेतली. पहिलेच आले निवृत्त मास्तर. पेन्शनच्या कचेरीत साहेबाला कसं गप्प केलं ते रंगात येऊन सांगत होते. मी केस कापले, मान पुसली, अंगावरचं कापड झटकन ओढून काढलं. मास्तर तसेच बसून! "माझं काही चुकलं का रे?"

दादाने कापड पुन्हा त्यांच्या गळ्याला बांधलं आणि कानामागे नुसती हवेत कात्री वाजवत राहिला. टिक टिक टिक. गोष्टीतला साहेब गप्प झाला, मास्तर हसले, मग कापड सुटलं. ही हवेतली कात्री मला दादानेच शिकवली होती. मी साफ विसरलो. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दिवसभरात चारच गिऱ्हाइकं आली. पूर्वी बाकावर जागा मिळायची नाही. दादा म्हणाला, "आज मंगळवार ना."

२२ फेब्रुवारी

निघताना दादाला विचारणार होतो. शब्द ओठांवर आले आणि गिळले. हे असले हात घेऊन कुठल्या तोंडाने विचारू? इथे मी फार बोलतो, तिथे फार घाई करतो! घरी येऊन बायकोला सांगितलं, दादा नाही म्हणाला. धडधडीत खोटं.

२७ फेब्रुवारी

सतरा मिनिटांत एक डोकं. मालकीण खूश.

३ मार्च

दादाचा फोन. आधी उगाच हवापाण्याचं बोलला. मग म्हणाला, दुकान परवा रिकामं केलं. "तुझ्या मालकिणीकडे एखाद्या माणसाची जागा असेल का रे?" बाईंना विचारतो म्हणालो. तो हळूच म्हणाला, "वय किती सांगायचं?"