मारुती पॅच

२ जानेवारी, शुक्रवार
संकल्प : यंदा मंडळाचं कामकाज आधुनिक करायचं. मंडळाला कल्पना नाही. सुधारणा कधी विचारून होत नाहीत.
१७ तारखेला मंडळाच्या नागरवाड्यातल्या हॉलमध्ये नीराचं (सौ.) गाणं. लग्नानंतर पहिल्यांदाच तिची स्वतंत्र मैफल. पहाटेपासून रियाज चालू. मला म्हणाली, तुम्ही काही करू नका. माझ्यावर ताण नको म्हणून म्हणाली. निमंत्रणं आणि जेवण दोन्ही अंगावर घेतलं. अवंतीने (कन्या, सॉफ्टवेअरवाली) मंडळासाठी पायथॉनमध्ये एक प्रोग्राम लिहिलाय. आमच्याच कॉम्प्युटरवर चालू असतो. मेसेज, मेनू, सगळं त्यातूनच जातं. बटण दाबायचं, बस.

५ जानेवारी, सोमवार
अध्यक्ष पिलाजीराव रुसले. निमंत्रण गेलं "प्रिय पिलाजी". फोनवर म्हणाले, मला नुसतं पिलाजी माझ्या आजोबांनीसुद्धा म्हटलं नाही. बरोबरच आहे. बडोद्यात राव काढणं म्हणजे पगडी उडवणं.
अवंती म्हणते, रविवारी फाइल उघडून नीट करते. रविवारी! मी ऑफिसात डबा खाताखाता व्हिडिओ पाहिला. प्रोग्राम चालू असतानाच त्यातलं एखादं फंक्शन काढून आपलं बसवता येतं. फाइलला हात नाही, प्रोग्राम बंद करणं नाही. मंकी पॅच म्हणतात. नाव हलकं वाटतं. मी मारुती पॅच म्हणणार.

६ जानेवारी
झालं! नाव छापणाऱ्या फंक्शनच्या जागी माझं बसवलं. प्रत्येक नावापुढे राव. पिलाजीराव झाले, सुभानराव झाले, भास्करराव झाले. अवंती म्हणाली, "बाबा, ते फंक्शन अजून कुठेकुठे वापरलंय ते आधी बघा." या पिढीत धाडस म्हणून नाही.

७ जानेवारी
पेटीवर साथ करणाऱ्या कौमुदीताईंना "प्रिय कौमुदीराव" गेलं. हसल्या. स्वभाव छान.
तो पॅच काढून दुसरा. नावाच्या शेवटी आ किंवा ई असेल तर बाई, नाहीतर राव. शाळेत माझं व्याकरण पक्कं होतं.

८ जानेवारी
पिलाजीबाई.
त्यांचे फोन आले. घेतले नाहीत. खास त्यांच्यासाठी तिसरा पॅच.

११ जानेवारी, रविवार
अवंती म्हणाली, फाइल दुरुस्त केलीय, प्रोग्राम एकदा बंद करून चालू करू या. साफ नकार दिला. माझे पॅच फक्त चालू प्रोग्रामच्या डोक्यात आहेत, बंद केला की गेले. मैफल तोंडावर आणि ही बंद करायच्या गोष्टी करते.

१२ जानेवारी
केटररला मेनू पाठवला. श्रीखंड, पुरी, मसालेभात, अळूवडी. सुटसुटीत.

१४ जानेवारी, उत्तरायण
आमचा सगळा वासणा भाग गच्चीवर. मी एक पतंग फाडून खाली आलो. तेवढ्यात केटररचा फोन, "साहेब, मेनू मोकलो ने!" म्हटलं, सोमवारीच पाठवला, मेसेज बघा. तो महेमान, महेमान असं काही तरी म्हणत होता. गच्च्यांवरच्या भोंग्यांत धड ऐकू येईना. खात्रीसाठी पॅच पुन्हा चालवला आणि मेनू पुन्हा पाठवला. लोकांना सगळं दोनदा सांगावं लागतं.
संध्याकाळी सुभानरावांना आठवणीचा मेसेज गेला : "प्रिय सुभानरावराव". त्यांना आवडला. म्हणाले, आमच्या पणजोबांना दुहेरी मान होता.

१८ जानेवारी, रविवार सकाळ
काल मैफल. हॉल भरला. मध्यंतरात खाली जेवणाची व्यवस्था बघायला गेलो. टेबलं मांडलेली, पांढरे कपडे, फुलं. पहिल्या टेबलावर नावांच्या पाट्या : श्रीखंडराव, मसालेभातराव, पुरीबाई, अळूवडीबाई.
पातेलं एकही नाही.
केटरर हात जोडून म्हणाला, "साहेब, वीआयपी टेबल तैयार छे. पण जमवामां शुं आपवानुं?" म्हणजे जेवायला काय द्यायचं. दुसऱ्या मेसेजमधले श्रीखंडरावराव त्याला श्रीखंडरावांचे वडील वाटले. त्यांच्यासाठी हातवाली खुर्ची आणली होती.
अवंतीला बोलावलं. पाट्या वाचून ती जिन्यातच बसली. इतकी हसली की आधी रडते आहे असंच वाटलं. मेनूचे पदार्थही त्याच फंक्शनमधून छापले जातात म्हणे. मग डोळे पुसून उठली. पिलाजीरावांनी स्वतः गाडी काढली. दोघं वाडीच्या बाजारात जाऊन दोनशे जणांची सेव-उसळ घेऊन आले. तोवर वर नीराला निरोप, थोडं वाढव. तिने वाढवलं. लोक म्हणतात, उत्तरार्धात आवाज असा लागला की कोणी जागचं हललं नाही. मी खालीच होतो, केटररला समजावत. टाळ्या तेवढ्या ऐकल्या.
सेव-उसळ संपली. एकूण कार्यक्रम यशस्वी. वाढीव गाण्याचं श्रेय तांत्रिक बाजूलाही जातं.
परतताना गाडीत नीराने विचारलं, "शेवटची बंदिश कशी झाली?" म्हटलं, अप्रतिम. म्हणाली, "कोणती होती?"
मी काच खाली केली. हवा छान होती.

२० जानेवारी
अवंतीने प्रोग्राम बंद करून चालू केला. माझं सगळं काम गेलं. तिची फाइल चालू झाली. पिलाजीराव, कौमुदीताई, श्रीखंड, ज्याचं त्याला बरोबर. आठवडाभर ती तयारच होती म्हणे. मंडळाने माझ्याकडची तांत्रिक जबाबदारी कमी केली आहे. माझा वेळ मौल्यवान आहे, हे त्यांना पटलेलं दिसतं.

२५ जानेवारी, रविवार
सकाळी नीराला म्हटलं, परवाची ती बंदिश म्हण ना. तिने क्षणभर बघितलं. तंबोरा घेतला. म्हणाली, म्हणते, पण कुकर लावलाय, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा. म्हटलं, एवढंच ना.
समोर बसलो. तिसरी शिट्टी झाली तेव्हा ती तानेत होती. उठवेना.
भात करपला.