काकांचा ट्रेलर

ता. ३ ऑक्टोबर

तीर्थरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन पडलं होतं, पण उत्तर द्यायला तोंड नव्हतं. काकांचा ट्रेलर माझ्या हातून गेला. गोदामामागे तो सोडून मी नुसता घोडा घेऊन डिझेल भरायला गेलो. (पुढच्या ओढणाऱ्या गाडीला तुमच्या विमा ऑफिसात काय म्हणतात कोण जाणे, आम्ही घोडाच म्हणतो.) ट्रेलर मालाने भरलेला, जमीन भुसभुशीत. पुढचे टेकू एका अंगाने रुतले आणि ट्रेलर आडवा झाला. चेसी अशी पिळली आहे की मिस्त्री म्हणाला, भंगारात घाला. कोणाला लागलं नाही, एवढंच नशीब.

काका मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. ज्यांनी मला स्टिअरिंग धरायला शिकवलं, त्यांचे डोळे अधू झाल्यापासून त्यांचं घर ट्रेलरच्या भाड्यावरच चालतं. माझ्या विम्यात दुसऱ्याच्या ट्रेलरचं कलम तूच हट्टाने घालायला लावलं होतंस. ते आता कामाला येईल ना?

भावोजींना नमस्कार. लोभ आहेच, या वेळी जरा जास्त लागेल.

तुझा,
धाकटा

ता. ८ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तू धडधाकट आहेस हे वाचून जीव भांड्यात पडला, आणि मग तुझे कान उपटावेसे वाटले. टेकूखाली फळ्या घालायला काय झालं होतं?

कलम आहे. सोडून ठेवलेल्या ट्रेलरलाही ते लागू होतं. पण देणाऱ्याघेणाऱ्यात आधीच लेखी करार झालेला हवा. मी घसा कोरडा करून सांगितलं होतं, तेव्हा तू हसलास. म्हणालास, यार्डात ट्रेलर शब्दावर देतात, आणि काकांपुढे कागद धरला तर ते विचारतील की तुझ्या बापाला ट्रेलर देताना मी कधी सही घेतली होती का. नंतर तरी केलास का तो कागद? केला असशील तर लगेच पाठव, दावे माझ्याच टेबलावरून जातात. नसेल केला तर मला काही सुचत नाही. तुझे भावोजी म्हणतात, मार्ग निघेल. ते सगळ्यालाच असं म्हणतात.

वेळेवर जेवत जा. रागावले आहे, पण माया कमी नाही.

तुझी,
ताई

ता. १४ ऑक्टोबर

तीर्थरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कागद झाला आहे. कधी झाला ते विचारू नकोस. मजकूर मी लिहिला, वर सप्टेंबरची तारीख मी घातली. काका म्हणाले, आण इकडे, आणि सही केली. एजंट तो परस्पर तुझ्या ऑफिसात देईल. तू फक्त डोळेझाक कर.

तू खोटं बोलत नाहीस हे मला कोणी सांगायला नको. लहानपणी फुटलेल्या प्रत्येक काचेची खबर तू बाबांना दिलीस आणि पाठ माझी सोलून निघाली. पण दावा बुडाला तर घोडा विकून काकांची भरपाई करावी लागेल. त्यांचं मी बुडवणार नाही. मग माझ्याकडे काय उरलं, ते तूच सांग.

एवढी एकदाच माया कर.

तुझा,
धाकटा

ता. २३ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं ऐकायचं ठरवूनच मी कागद उघडला. तुला हे खरं वाटणार नाही, पण तसंच आहे.

काकांनी सहीखाली तारीख घातली आहे. सही केली त्या दिवसाची! जन्मभर मालाच्या बिल्ट्यांवर सही करून खाली तारीख घातली, हात आपसूक गेला असणार. वर सप्टेंबर, खाली ऑक्टोबर. तुम्हा दोघांपैकी एकानेही पाहिलं नाही?

कागद आधीच आवक रजिस्टरला चढला होता, आता बदलता येत नव्हता. मी उठले आणि तो साहेबांना दाखवला. तू माझा भाऊ आहेस हेही सांगितलं. त्यांनी दावा फेटाळला, आणि पोलिसात दिलं नाही हे उपकार समजा म्हणाले. मी काय केलं ते मला कळतं. घरी येऊन भावोजींवरच ओरडले, त्या बिचाऱ्यांचा काय दोष!

रागाव, वाटेल ते लिही, पण पत्र पाठव.

तुझी,
ताई

ता. १९ नोव्हेंबर

तीर्थरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि.

रागावलो होतो, म्हणून उशीर. आता राग नाही, काहीच नाही. घोडा विकला, पैसे काकांना दिले. तेवढ्यात तसा ट्रेलर येत नाही हे त्यांनाही ठाऊक आहे आणि मलाही. मी दुसऱ्याच्या गाडीवर चाकरी धरली आहे.

दावा बुडाला हे काकांना सांगितलं, कशाने ते सांगायला जीभ रेटत नाही. पण त्यांना शंका आली आहे. रोज यार्डाच्या गेटवर येऊन विचारतात की सहीत काही चुकलं का, हल्ली नीट दिसत नाही म्हणतात. हे मनात घेऊन ते झुरत चालले आहेत. माझ्यावर त्यांचा विश्वास बसत नाही, तुझ्या शब्दावर बसेल. चार ओळी लिही आणि सगळं माझ्यावर घाल. पत्र मीच वाचून दाखवीन.

बाकी लिहिण्यासारखं नाही. लोभ असू दे.

तुझा,
धाकटा

ता. २५ नोव्हेंबर

तीर्थरूप काकांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमची सही मी स्वतः पाहिली. बाबांच्या वेळी होती तशीच ठसठशीत. तिच्यात तिळमात्र चूक नव्हती. दावा गेला तो माझ्या भावाच्या निष्काळजीपणामुळे. मजकूर त्याने लिहिला आणि त्यातच तो चुकला. हे मी ऑफिसातली म्हणून सांगते, आणि मी खोटं बोलत नाही हे तुम्ही जाणताच.

तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. वाचताना त्याचा घसा बसला तर त्याला पाणी द्या, आणि तुमचा लोभ त्याच्यावर होता तसाच राहू द्या.

तुमची,
ताई