उघडं पाकीट

९ फेब्रुवारी, शनिवार सकाळ

ती. अक्कास,

साष्टांग नमस्कार. हल्ली वाकता येत नाही, तेव्हा कागदावरचाच गोड मानून घे.

अक्षर मुंगीएवढं झालंय, चष्मा लावून वाच. पार्किन्सन्स हातात शिरला की अक्षर असंच आक्रसतं म्हणे. बाकी आम्ही दोघं मजेत. तुझी भावजय नेहमीसारखी माझ्यावर करवादते, "तोंडातल्या तोंडात काय पुटपुटता? नीट बोला की!" आवाजच फुटत नाही, त्याला मी काय करू? तिला वाटतं, मी रुसलोय. माझं कुठलंही पत्र ती वाचल्याशिवाय पाकीट चिकटवू देत नाही, हे तुला ठाऊकच आहे. म्हणून हे मी स्वतः जाऊन पेटीत टाकणार आहे.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी फुंकायची तपासणी करायला लावली. मला मनातल्या मनात हसू आलं. चाळीस वर्षं मी प्रयोगशाळांसाठी काचेचे चंबू फुंकले, कारखान्यात मला 'भाता' म्हणायचे, आणि ही तपासणी करणारी कालची पोर मला फुंकायला शिकवणार! नाकाला चिमटा लावून तिनं नळी तोंडात दिली. मी गाल फुगवले, थोडी हवा सोडली आणि जिभेनं नळीचं तोंड बंद केलं. काच अशीच बेतानं फुंकावी लागते, नाहीतर चंबू फुटतो. ती म्हणाली, "आजोबा, गाल नका फुगवू. छातीतून, एका दमात, जोरात!" दुसऱ्यांदाही माझं तेच. जित्याची खोड, दुसरं काय.

आकडे वाईट आले, तरी मला बरंच वाटलं. खोट सवयीत होती, छाती धडधाकट होती. मीच म्हटलं, पोरी, आणखी एकदा. या वेळी दोन्ही गाल हातांनी दाबून धरले आणि जीव खाऊन फुंकलो. तो आकडा तिन्हींत सगळ्यात कमी होता. तिनं नळी काढून घेतली.

डॉक्टर म्हणाले, हातापायांसारखे बरगड्यांचे स्नायूही ताठरलेत, खोकल्यात जोर उरलेला नाही. घास भलत्या वाटेनं गेला तर बाहेर काढणं कठीण. जेवताना समोर कुणीतरी हवंच.

घरी येऊन मी सांगितलं, सगळं ठीक आहे.

अक्का, मी एकटा जेवतो. चमचा तोंडाशी येईपर्यंत अर्धा सांडतो, ते तिनं बघू नये म्हणून दोन महिने झाले, तिला आधी जेवायला लावतो आणि मग दार लोटून बसतो. मंगळवारी दुपारी पाण्याचा घोट अडकला. खोकायला गेलो तर नुसतीच फुस्स हवा. हाक मारायला गेलो तर आवाज नाही. दारापलीकडे तिच्या शिवणयंत्राची खडखड चालू होती. खुर्चीच्या पाठीवर पोट दाबून मी ओणवा झालो. किती वेळ तसा होतो, माहीत नाही. शेवटी पाणी बाहेर आलं. थोड्या वेळानं ती आत येऊन म्हणाली, "डोळे का एवढे लाल?" म्हटलं, कचरा गेला. तिनं बिचारीनं माझी पापणी उचलून डोळ्यात फुंकर मारली.

तेव्हापासून भीती वाटते. मरणाची नाही, असं लिहिणार होतो, पण तुझ्याशी खोटं कशाला? मरणाचीच वाटते. ती चार पावलांवर असताना, तिला पत्ताही न लागता मी गुदमरून जाईन, याची. ताट समोर आलं की मी ते लांब सरकवतो. काल निम्मं जेवण तसंच टाकलं.

तोंडानं सांगायचा तीनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा ती यंत्र थांबवून म्हणाली, "काय? मोठ्यानं!" मी म्हटलं, खिडकी लाव.

आता पेटीपर्यंत जात नाही. पाकीट न चिकटवता तिच्या शिवणयंत्रावर ठेवतोय. हे पत्र तुला मिळालं, तर समज, तिनं वाचलंय.

तुझा धाकटा,
भाता